भेग, मीठ आणि सळई

भारताच्या किनाऱ्यावरील कोणत्याही जुन्या बंदराच्या गावी, मग ते वेरावळ असो, पणजी असो वा तुतिकोरिन, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या इमारतींच्या सज्ज्यांखाली पाहिले असता एक दृश्य हटकून आढळते. प्रथम तांबूस डाग दिसतात. मग एक सरळ भेग, जणू पट्टीने आखलेली. आणखी काही वर्षांनी त्या भेगेलगतचा काँक्रीटचा पापुद्रा गिलाव्यासह सुटून खाली येतो आणि आतल्या सळया, पानगळीनंतरच्या फांद्यांप्रमाणे, उघड्या पडतात. घरमालक कंत्राटदाराला बोल लावतो, कंत्राटदार सिमेंटला आणि सिमेंटचा व्यापारी खाऱ्या हवेला. यांपैकी प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडेबहुत तथ्य असते. पण ती भेग नेमकी कशाची आहे, हे मात्र बहुधा कोणीच विचारीत नाही.

भेगेतून मीठ आत शिरले व त्याने सळई गंजली, की सळई आधी गंजली व तिच्या गंजाने भेग पाडली? हा प्रश्न वरवर पाहता अंडे आधी की कोंबडी आधी अशा थाटाचा वाटेल. पण त्याच्या उत्तरावर इमारतीचे वा पुलाचे आयुष्य अवलंबून असते आणि दुरुस्तीवर होणारा खर्च सत्कारणी लागणार की वाया जाणार, हेही त्यावरच ठरते.

काँक्रीट आणि लोखंड यांचा संसार तसा अलीकडचा आहे. इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे एकस्व १८२४ साली मिळवले. त्यानंतर पाव शतकाने, १८४८ च्या सुमारास, फ्रान्समधील जोसेफ लाम्बो याने तारांच्या जाळीवर सिमेंटचा लेप देऊन एक लहानशी नौका तयार केली. आणि १८६७ साली जोसेफ मोनिए या माळ्याने त्याच तत्त्वावर केलेल्या कुंड्यांचे एकस्व घेतले. नौका आणि कुंडी! दोन्ही वस्तू पातळ, दोन्ही सतत पाण्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या. आजच्या अभियंत्याला विचारले, तर लोखंडावर काँक्रीटचे इतके अपुरे पांघरूण घालून ते पाण्यात ठेवण्यास तो संमती देणार नाही. तरीही लाम्बोची एक नौका गोड्या पाण्याच्या तळ्यातून निघाली आणि फ्रान्समधील ब्रिन्योल येथील संग्रहालयात जतन झाली. पाणी गोडे होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

काँक्रीट लोखंडाचे रक्षण करते ते केवळ त्याला झाकून नव्हे. झाकण्याचे काम रंगही करतो. सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड निर्माण होते, आणि काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी बनते. त्याचा सामू साडेबारापासून साडेतेरापर्यंत असतो. अशा द्रवात बुडालेल्या पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांइतकीच असते. पण तो थर अभंग असेतोवर पोलाद जवळजवळ गंजतच नाही. काँक्रीटच्या पोटातील सळई शंभर वर्षे टिकू शकते ती या पापुद्र्याच्या बळावर.

या पापुद्र्याचे शत्रू दोन. पहिला हवेतील कार्बन डायऑक्साइड. तो हळूहळू आत झिरपून चुन्याचा पुन्हा चुनखडक करतो, काँक्रीटची अल्कधर्मिता घटवतो आणि पापुद्र्याचा आधारच काढून घेतो. ही क्रिया सावकाश चालते, आणि चांगल्या काँक्रीटमध्ये तर फारच सावकाश. दुसरा शत्रू मीठ, किंवा अधिक काटेकोरपणे सांगायचे तर मिठातील क्लोराइड आयन. त्याची रीत निराळी आहे. भोवतालची अल्कधर्मिता तशीच असली तरी तो पापुद्र्याला एखाद्याच जागी छिद्र पाडतो. त्या छिद्रातील पोलाद धनाग्र बनते आणि आसपासची सुरक्षित सळई ऋणाग्राचे काम करते. विजेच्या घटातल्याप्रमाणे सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहू लागतो व छिद्रातील लोखंड विरघळू लागते. यातील सर्वांत चिंतेची बाब अशी की क्लोराइड या व्यवहारात खर्च होत नाही. लोखंडाशी संयोग पावून ते क्षणभर अडकते, आणि पाण्याशी प्रक्रिया होताच मोकळे होऊन पुन्हा कामाला लागते. म्हणजे मूठभर मीठ पुरे होते. रोज नवे मीठ यावे लागत नाही.

गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्याच्या प्रकारानुसार हे प्रमाण दुपटीपासून सहापटीपर्यंत जाते. काँक्रीट दाब सोसण्यात शूर, पण ताण सोसण्यात दुबळे. त्याचे ताणबल दाबबलाच्या सुमारे दशांशच असते. म्हणून सळईवर गंजाचा केसाएवढा थर चढला तरी वरचे काँक्रीट फाटते, आणि ते सळईच्या लांबीला अनुसरून फाटते. सज्ज्याखालील ती पट्टीने आखल्यासारखी भेग ती हीच. ती रोगाचे कारण नसून लक्षण आहे. ती दिसू लागते तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

आता दुसऱ्या प्रकारच्या भेगा, ज्या मिठाच्या आधी येतात. त्यांच्याविषयी सर्वसामान्य समज असा की चांगल्या काँक्रीटला भेगाच पडू नयेत. हा समज चुकीचा आहे. साधारणतः दहा हजार भागांत एखादा भाग एवढे ताणले की काँक्रीट तडकते. तुळईतील सळई मात्र आपला नेहमीचा भार उचलते तेव्हा हजारात एक भाग इतकी ताणली गेलेली असते. दोघे एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे सळईला कामाला लावायचे, तर काँक्रीटला आधी तडकावेच लागते. भाराखालील प्रबलित तुळईच्या खालच्या बाजूस केसासारख्या बारीक आडव्या चिरा असणे हे तिच्या रचनेतच अभिप्रेत असते. अभियंता त्या चिरा टाळीत नाही. त्या अनेक, पण बारीक राहतील अशी तजवीज करतो. एका रुंद भेगेऐवजी दहा बारीक चिरा याव्यात म्हणून तो एका जाड सळईऐवजी अनेक बारीक सळया वापरतो.

भारताच्या काँक्रीटविषयक मानक संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीत या चिरांच्या रुंदीला मर्यादा घातल्या गेल्या. सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मि.मी., सतत ओलाव्याशी संबंध येणाऱ्या भागांत ०.२ मि.मी. आणि तीव्र परिस्थितीत ०.१ मि.मी. हे आकडे पाहून कोणासही वाटेल की भेग जितकी रुंद तितका गंज अधिक, असे काही सरळ गणित प्रयोगांनी सिद्ध झालेले असावे. तसे नाही. इंग्लंडमधील सिमेंट अँड काँक्रीट असोसिएशनचे संशोधक ए. डब्ल्यू. बीबी यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात उपलब्ध प्रयोगांचा धांडोळा घेऊन दाखवून दिले की सळईला छेदून जाणाऱ्या भेगेची रुंदी आणि दीर्घकालानंतर आढळणारा गंज यांच्यात फारसा संबंध दिसत नाही. पहिल्या काही वर्षांत रुंद भेगेखाली गंज लवकर दिसतो. पण पुढे हा फरक पुसट होत जातो. या प्रतिपादनाने बरीच खळबळ उडाली, आणि तो वाद अजूनही पूर्णपणे मिटला आहे असे म्हणता येत नाही.

बीबींच्या निष्कर्षामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. काँक्रीटच्या पृष्ठभागावर दिसणारी भेगेची रुंदी फसवी असते. सळईने काँक्रीटला घट्ट धरले असल्यामुळे भेग आत जाता जाता अरुंद होत जाते आणि सळईपाशी ती नावापुरतीच उरते. दुसरे असे की भेगेपाशी उघडे पडते ते सळईचे केवळ एक कडे, काही मिलिमीटर लांबीचे. तेथे लोखंड विरघळेल खरे. पण ते किती वेगाने विरघळेल, हे भेग ठरवीत नाही. बाजूच्या अभंग काँक्रीटमधून ऋणाग्राला प्राणवायू किती मिळतो आणि ओल्या काँक्रीटमधून विद्युत्प्रवाहाला वाट किती सुलभ मिळते, यांवर तो वेग अवलंबून असतो. आच्छादन जाड असेल आणि काँक्रीट घट्ट व कोरडे असेल, तर भेग असूनही गंज रडतखडत चालतो. शिवाय बारीक व स्थिर चिरा पाण्यात आपोआप बुजू लागतात. सुमारे ०.१ मि.मी.पर्यंतच्या चिरेत कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक जमतात; समुद्राच्या पाण्यात त्यांच्या जोडीला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडही येते. जुने मेस्त्री टाकीच्या भिंतीची गळती काही आठवड्यांनी आपोआप थांबते असे सांगतात, त्यात हेच तथ्य आहे.

पण येथे थांबून भेगांविषयी निर्धास्त होणे धोक्याचे आहे. या विवेचनाला तीन मोठे अपवाद आहेत, आणि समुद्रकाठी हे अपवादच नित्याचे असतात.

सळईला छेदणारी भेग आणि सळईच्या अंगाने जाणारी भेग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारच्या भेगेत सळईचे एखादे कडे नव्हे, तर तिची सारी लांबी उघडी पडते. अशी भेग गंजामुळे पडते हे वर सांगितलेच. परंतु ती इमारत उभी राहण्यापूर्वीही पडू शकते. ताजे काँक्रीट ओतल्यावर त्यातील खडी खाली बसू लागते व पाणी वर येते. वरच्या थरातील सळया मात्र बांधलेल्या असल्यामुळे खाली सरकत नाहीत. खचणारे काँक्रीट सळईवर अडते, तिच्या दोन्ही अंगांनी खाली ओघळते आणि नेमकी सळईच्या डोक्यावर चीर पडते. पहिल्या दोन-तीन तासांत रंधा फिरवून किंवा पुन्हा कंपक लावून ती बुजवता येते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हे राहून गेले, तर स्लॅबच्या सळयांचा नकाशाच पृष्ठभागावर उमटतो, आणि तो मिठाला वाट दाखवायला पुरेसा असतो. समुद्राच्या वाऱ्याने व उन्हाने ताज्या काँक्रीटचा पृष्ठभाग झपाट्याने सुकून पडणाऱ्या चिरा हा याचाच भाऊबंद.

आरपार गेलेल्या भेगेची गोष्ट आणखी वेगळी. तीतून पाणी केवळ झिरपत नाही, वाहते. आणि वाहते पाणी चुना धुऊन नेते. तसेच पुलाच्या तुळईत गाडी आली की उघडणारी व गाडी गेली की मिटणारी भेग कधीच बुजत नाही. ती भात्यासारखी पाणी आत ओढते व बाहेर टाकते.

तिसरा अपवाद स्वतः मीठच आहे. नुसत्या ओलाव्यात भेगेचा परिणाम पुसट होत असेल. पण क्लोराइडाच्या सान्निध्यात भेग सळईपाशी लहानसे धनाग्र तयार करते आणि बाजूची लांबच लांब निरोगी सळई मोठे ऋणाग्र बनते. लहान धनाग्र व मोठे ऋणाग्र ही जोडी सर्वांत घातक, कारण साऱ्या प्रवाहाचा भार एकाच बिंदूवर पडतो आणि सळईत खोल खड्डा पडतो. अशा खड्ड्यातून येणारा गंज पुष्कळदा काळसर व पातळ असतो. तो छिद्रांत मुरतो, फुगत नाही. म्हणून पृष्ठभागावर ना डाग दिसतो, ना भेग.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. ते आत शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. पहिली वाट सर्वांत लाजिरवाणी, कारण तेथे मिठाला शिरावेच लागत नाही. बांधणाराच त्याला हाताने आत घालतो. वर उल्लेखिलेल्या संहितेत प्रबलित काँक्रीटच्या एका घनमीटरमध्ये सर्व मिळून ०.६ किलोग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड असू नये असे बंधन घालण्यात आले. आता एक घनमीटर काँक्रीट कालवण्यास सुमारे १८० लिटर पाणी लागते असे धरू. ते समुद्राचे असेल तर त्यातून सुमारे ३.४ किलोग्रॅम क्लोराइड आत जाते, म्हणजे मर्यादेच्या साडेपाच पटींहून अधिक. खाडीची न धुतलेली वाळू वापरणे, मचूळ विहिरीच्या पाण्याने काँक्रीट भिजवणे हे याच जातीचे प्रकार. अशा काँक्रीटला भेग असली काय आणि नसली काय, सारखेच.

बाहेरून येणारे मीठ दोन रीतींनी येते. भरतीने भिजणाऱ्या व ओहोटीने सुकणाऱ्या काँक्रीटचा बाहेरचा थर प्रत्येक वेळी खारे पाणी शोषून घेतो. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. थोड्याच काळात तेथील मीठ समुद्राच्या पाण्याहूनही दाट होते. म्हणूनच पुलाच्या खांबाचा सर्वांत रोगट भाग पाण्याखाली नसतो. तेथे मीठ विपुल असले तरी प्राणवायू जेमतेम पोचतो. लाटांचे तुषार जेथे उडतात तो पट्टा सर्वांत आधी झडतो. बाहेरच्या थरात साठलेले हे मीठ मग विसरणाने आत सरकते. विसरणाचा नियम ॲडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८५५ साली मांडला. तो काँक्रीटमधील क्लोराइडाला लावण्याचे काम इटलीतील कोलेपार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली केले. या नियमाचे सार असे की मीठ जितके खोल जाते, त्या खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात त्याला वेळ लागतो. २५ मि.मी. आच्छादन भेदायला दहा वर्षे लागत असतील, तर तशाच काँक्रीटचे ५० मि.मी. आच्छादन भेदायला वीस नव्हे, चाळीस वर्षे लागतील.

हे गणित उलटे वाचले म्हणजे त्याची धार कळते. आराखड्यात ५० मि.मी. लिहिलेले आच्छादन कामावर २५ मि.मी. भरले, तर नुकसान निम्मे होत नाही. चाळीस वर्षांची दहा वर्षे होतात. आणि सळई पंचवीस मिलिमीटरने सरकायला फारसे काही लागत नाही. ओतकामाच्या वेळी कामगार जाळीवरून चालतात, कव्हर ब्लॉक संपले म्हणून मुकादम विटेचा तुकडा सळईखाली सरकवतो, बांधणीच्या तारेचे टोक साच्याला टेकते. विटेचा तुकडा तर सच्छिद्र. तो मिठाला सळईपर्यंत नेणारा पूलच ठरतो. भेगांच्या रुंदीवर जितका वाद झाला त्याच्या दशांश लक्ष जरी या विटेच्या तुकड्याकडे दिले गेले असते, तरी पुष्कळ इमारती वाचल्या असत्या.

स्वीडनमधील संशोधक क्योस्ती तूती यांनी १९८२ साली या साऱ्या प्रक्रियेचे दोन कालखंड पाडले. मीठ सळईपर्यंत पोचून पापुद्रा फुटेपर्यंतचा पहिला, आणि गंज वाढून बांधकाम निकामी होईपर्यंतचा दुसरा. या विभागणीने भेगांचा वाद बराचसा उलगडतो. भेग पहिला कालखंड खुडून टाकते. चाळीस वर्षांचा प्रवास ती काही महिन्यांवर आणू शकते. दुसऱ्या कालखंडावर मात्र तिचा अंमल मर्यादित असतो. तेथे काँक्रीटची घट्टता आणि आच्छादनाची जाडीच निर्णायक ठरते. म्हणजे बीबी दुसऱ्या कालखंडाविषयी बोलत होते आणि त्यांचे टीकाकार पहिल्याविषयी, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

दुसरा कालखंड किती लांब, हे सळईच्या जाडीवरही अवलंबून असते, आणि येथेच या विषयातील सर्वांत गंभीर प्रकरण सुरू होते. २५ मि.मी. व्यासाच्या सळईवरून सभोवार एक मिलिमीटर लोखंड गेले, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी घटते. तुळई कुरकुरेल, पण उभी राहील. पूर्वप्रतिबलित काँक्रीटमध्ये मात्र पोलादाच्या बारीक तारांच्या केबली नळ्यांतून ओवून प्रचंड ताण देऊन आवळलेल्या असतात. ५ मि.मी. व्यासाच्या तारेवरून तोच एक मिलिमीटर गेला, तर क्षेत्रफळाचे ६४ टक्के नाहीसे होतात. आधीच ताणलेली तार खड्ड्यापाशी तटकन तुटते. त्यातच नळीत भरलेले सिमेंटचे ग्राउट अपुरे असेल, मध्ये पोकळ्या राहिल्या असतील, तर खारे पाणी सांध्यातून शिरून नळीच्या लांबीभर पसरते, आणि बाहेरचे काँक्रीट मात्र शेवटपर्यंत नितळ दिसते. पूर्वप्रतिबलामुळे काँक्रीट दाबाखाली असते, त्याला भेगा पडत नाहीत. हा त्या पद्धतीचा मोठा गुण. पण भेगा पडत नाहीत म्हणून इशाराही मिळत नाही.

वेल्समधील इनिस-इ-ग्वास येथील पूल १९५३ साली बांधला गेला होता. काँक्रीटचे तुकडे ओळीने मांडून, केबलींनी आवळून त्याच्या तुळया केल्या होत्या. ४ डिसेंबर १९८५ रोजी तो कोसळला, तेव्हा त्यावर एकही वाहन नव्हते. तुकड्यांमधील सांध्यांतून मिठाचे पाणी केबलींपर्यंत पोचले होते. समुद्राच्या मिठाइतकेच, रस्त्यावरील बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठही तिकडे घातक ठरते. त्यानंतर सात महिन्यांनी, ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात पणजी येथील मांडवी नदीवरचा पूल कोसळला. तो १९७० च्या दशकाच्या आरंभीचा, म्हणजे जेमतेम पंधरा वर्षांचा होता. पूर्वप्रतिबलित केबलींचा गंज हे त्याच्या पडण्याचे प्रमुख कारण मानले गेले. पणजी व उत्तर गोवा यांमधील वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली; नवे पूल १९९२ व १९९८ मध्ये खुले झाले. मुंबईला वाशीशी जोडणारा, १९७३ साली खुला झालेला ठाणे खाडीवरचा पूल पडला नाही. पण त्याच्याही तुळयांतील केबली गंजल्या. बाहेरून नव्या केबली ओढून त्याला आधार द्यावा लागला, अवजड वाहतुकीवर बंधने आली, आणि अखेर शेजारी दुसरा पूल बांधावा लागला.

याच्या तुलनेत रामेश्वरमला जाणारा पांबनचा जुना रेल्वेपूल पाहावा. १९१४ साली वाहतुकीस खुला झालेला हा लोखंडी पूल समुद्राच्या ऐन तोंडावर उभा होता. १९६४ च्या चक्रीवादळाने त्याची मोडतोड केली, तरी दुरुस्त होऊन तो २०२२ पर्यंत गाड्या वाहत राहिला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या पुलाने घेतली. त्याचे लोखंड उघडे होते, आणि उघडे होते म्हणूनच ते खरवडता, रंगवता व बदलता येत होते. काँक्रीटमधील लोखंडाला हे भाग्य नाही. जवळच मंडपम येथे कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्थेचे गंजविषयक केंद्र आहे. तेथे या खाऱ्या हवेत निरनिराळे धातू व लेप ठेवून त्यांची परीक्षा घेण्यात आली. सळयांवर गंजरोधक मिसळलेल्या सिमेंटच्या राळ्याचा लेप देण्याची पद्धत याच संस्थेत विकसित झाली.

लेपांवर फार विसंबू नये, हे अमेरिकेत दिसून आले. फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील की नावाच्या बेटांना जोडणाऱ्या पुलांत १९८० च्या आगेमागे इपॉक्सीचा लेप दिलेल्या सळया वापरण्यात आल्या. पण १९८६ मध्येच त्यांपैकी एका पुलाच्या खांबांत तुषारांच्या पट्ट्यात गंज आढळला. वाहतुकीत व वाकवताना लेपाला पडलेला ओरखडा म्हणजे पुन्हा तेच लहान धनाग्र. उलट मेक्सिकोतील प्रोग्रेसो येथे १९३७ ते १९४१ या काळात बांधलेल्या धक्क्यात निष्कलंक पोलादाच्या सळया घातल्या होत्या. तो आजही वापरात आहे, आणि त्याच्या शेजारी नंतर साध्या पोलादाने बांधलेला धक्का मात्र केव्हाच खचून समुद्रात गेला. निष्कलंक पोलाद महाग पडते; म्हणून निदान तुषारांच्या पट्ट्यापुरते तरी ते वापरावे, असा विचार पुढे रुजू लागला.

सिमेंटच्या निवडीतही एक मौज आहे. समुद्राच्या पाण्यातील सल्फेट काँक्रीटला पोखरते, म्हणून सल्फेटरोधक सिमेंट वापरावे असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. त्या सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट कमी ठेवलेले असते. पण नेमका हाच घटक क्लोराइडाला बांधून ठेवतो! काँक्रीट वाचवण्याच्या नादात सळई उघडी पडते. भट्टीच्या मळीचे किंवा औष्णिक वीजकेंद्रांतील राखेचे मिश्रण असलेले सिमेंट दोन्ही आघाड्यांवर सरस ठरते. त्याची छिद्रे अधिक बारीक असतात व मीठही त्यात अडकते. अट एकच, त्याला पाणी अधिक दिवस मारावे लागते. आठवड्याभरात गोणपाट उचलून नेणाऱ्या कंत्राटदाराच्या हाती हे सिमेंट दिले, तर त्याचा गुण पदरी पडत नाही.

रोग जडल्यानंतरचे उपाय आता थोडक्यात. हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकणे ही सर्वांत जुनी व अद्यापही उपयुक्त परीक्षा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडले असता जेथे गुलाबी रंग येत नाही तेथे अल्कधर्मिता संपलेली असते. सिल्व्हर नायट्रेट शिंपडले असता जेथे पांढुरका साका येतो तेथपर्यंत मीठ पोचलेले असते. भेगेत इपॉक्सी भरणे हा उपाय स्थिर व जुन्या, पण मीठ न लागलेल्या भेगेला योग्य आहे. गंजाने पाडलेली भेग वरून भरणे, तिच्यावर गिलावा करणे वा रंग चढवणे म्हणजे आतल्या मिठावर झाकण ठेवणे होय.

सर्वांत फसवी दुरुस्ती ठिगळाची. सज्ज्याचा झडलेला भाग फोडून, सळई घासून, तेथे उत्तम प्रतीचे नवे काँक्रीट भरले जाते. ठिगळ टिकते, पण दोन-तीन वर्षांत त्याच्या कडेलगतचा जुना भाग झडू लागतो, आणि मालक पुन्हा कंत्राटदाराला बोल लावतो. वस्तुतः येथे दोष ठिगळाच्या गुणवत्तेचा नसतो. पूर्वी तो झडलेला भाग धनाग्र होता आणि स्वतः गंजून शेजारच्या सळईला वाचवीत होता. आता त्या जागी निर्मीठ, अल्कधर्मी काँक्रीट आल्याने तेथील सळई ऋणाग्र बनते, आणि शेजारच्या खारट भागातील सळईवर धनाग्र होण्याची पाळी येते. म्हणून काँक्रीट केवळ सुटलेल्या भागापुरते न काढता, मीठ जेथवर पोचले असेल तेथवर, सळईच्या मागूनही काढावे लागते. जेथे ते शक्य नसते तेथे बाहेरून अल्प विद्युत्प्रवाह देऊन साऱ्या सळयांनाच ऋणाग्र बनवण्याचा मार्ग उरतो. १९७३ साली कॅलिफोर्नियातील एका पुलावर तो प्रथम वापरण्यात आला. तो प्रवाह बांधकामाच्या उर्वरित आयुष्यभर चालू ठेवावा लागतो आणि कोणीतरी नियमाने मापकाकडे पाहावे लागते.